उन्हाळ्यात कुंड्यांना आच्छादन घालताना

एप्रिल-मेमध्ये गच्चीवर सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. वरची माती तापून सुकते आणि खालची ओल वर ओढत राहते. आच्छादन, म्हणजे मातीवर पसरलेला वाळक्या पाल्यासारखा थर, ही ओढ थांबवतं. पण ते कशाचं आहे यापेक्षा कसं घातलंय, याला जास्त महत्त्व आहे.

कुंडीच्या काठाखाली दोन इंच जागा हवी. कुंडी काठोकाठ भरलेली असेल तर वरची माती काढा. मुळं दिसू लागली की थांबा. मग तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी घाला. हे आधीच करायचं, कारण कोरड्या मातीवर घातलेलं आच्छादन वरून घातलेलं थोडं पाणी स्वतःच शोषून घेतं. त्यानंतर दीड-दोन इंचांचा थर पसरा आणि खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी ठेवा. ओला थर खोडाला चिकटला की साल कुजते. बारा इंची कुंडीला साधारण तीन लिटर, म्हणजे दहा लिटरच्या बादलीचा तिसरा हिस्सा सामान लागतं.

वाळलेला पाला सगळ्यांत सोयीचा, पण चुरूनच घाला. आंब्याची अख्खी पानं कौलांसारखी एकावर एक बसतात आणि पाणी कडेने निघून जातं. नारळाच्या शेंड्या दिवसभर भिजवून ते तपकिरी पाणी ओतून द्या. रसवंतीतली चिपाडं चांगली, मात्र धुऊन कडकडीत वाळवलेली. उरलेल्या गोडव्याला मुंग्या लागतात आणि आंबूस वास सुटतो. खाऱ्या शेंगांची टरफलं नकोतच. लाकडाचा ताजा भुसा मातीत मिसळला गेला तर तो कुजताना नत्र अडकतं आणि पानं पिवळी पडतात.

खरी गडबड पाण्यात होते. वरचा थर कोरडा दिसतो म्हणून रोज पाणी ओतलं जातं, खाली चिखल होतो, मुळं गुदमरतात आणि बारीक काळ्या माश्या फिरू लागतात. थर बाजूला सारून बोट दोन इंच आत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

मातीची कुंडी बाजूंनीही पाणी सोडते, तिथे वरचं आच्छादन पुरत नाही. अशा कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा आणि उन्हाच्या बाजूला गोणपाट बांधा.

अडेनियम, निवडुंग, कोरफड यांना पाल्याचं आच्छादन घालू नका. बाकीच्या कुंड्यांतला थर जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर निम्मा काढा, कारण ओल्या पाल्याखाली गोगलगाई लपतात. काढलेला पाला कंपोस्टच्या डब्यात टाका.