तांडापेठेत सापडलेलं आमचं गाव

आमच्या घरात लहानपणापासून एकच ऐकत आलेय की आपण अस्सल नागपूरचे, भोसल्यांच्या राज्यापासूनचे. बाबा 1972 ला नोकरीसाठी पुण्याला आले, मी इथेच वाढले, त्यामुळे माझ्यासाठी नागपूर म्हणजे मे महिन्यातलं काकांचं घर, कूलरचा आवाज आणि परत येताना संत्रा बर्फीचे डबे. या वर्षी चुलतभावाच्या मुलीच्या कास्ट व्हॅलिडिटीचं, म्हणजे जात पडताळणीचं, काम निघालं. आम्ही कोष्टी, म्हणजे विणकर, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो आणि तो जितका जुना तितकं बरं. दादाचा फोन आला, "आजोबांची शाळेतली नोंद शोधून राह्यलो, येतेस का?" मी त्याच रात्री तिकीट काढलं.

सकाळी गाडीतून उतरले आणि घरी बॅग टाकून दहा वाजता आम्ही शाळेत. शाळा नागपूरच्या तांडापेठेच्या जवळच, शंभरी ओलांडलेली. तिथल्या बाईंनी आधी अर्ज मागितला, मग आधार कार्डाची झेरॉक्स, मग उद्या या म्हणाल्या, मग दादाने मुलीची फॉर्मची तारीख सांगितल्यावर स्वतःच उठून कपाट उघडलं. दाखल खारीज रजिस्टर म्हणतात त्याला. लाल कापडात बांधलेली उंच वही, कडा वाळवीने खाल्लेल्या, पान उलटलं की पिवळा भुगा टेबलावर पडायचा. आम्ही 1915 पासून एकेक पान बघत गेलो, बोट ठेवून, कारण शाई इतकी फिकट की नजर घसरली की ओळ गेलीच.

दीड तासाने सापडले. आजोबांचं नाव, पुढे बापाचं नाव, जात कोष्टी, बापाचा धंदा गिरणी, जन्म जुलै 1910. आणि पुढच्या रकान्यात, मूळ गाव: पवनी.

दादा आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो, कारण पवनी हा शब्द आमच्या घरात कधी कोणी उच्चारलाच नव्हता. पवनी भंडारा जिल्ह्यात, उमरेड-भिवापूरच्या पुढे, वैनगंगेच्या काठावर. कोष्ट्यांचं जुनं गाव, तिथलं कापड पूर्वी लांबलांब जायचं हे मला माहीत होतं पण ते आपलं गाव आहे हे नव्हतं.

त्याच ओळीत शेवटी शाळा सोडल्याची तारीख होती, ऑगस्ट 1922, आणि कारण म्हणून दोनच शब्द, "कामास गेला". इथे मला रडूच आलं. 1911 च्या फॅक्टरी कायद्यात नऊ वर्षं पूर्ण झालेलं पोर गिरणीत चालायचं, 1922 ला ती अट बारा वर्षांची झाली, आणि आमच्या आजोबांना जुलैमध्ये बारावं पूर्ण झालं आणि पुढच्याच महिन्यात शाळा सुटली. म्हणजे घरात वाट बघत होते का सगळे? एवढुसा पोरगा पहाटे भोंग्यावर निघालेला डोळ्यासमोर आला. आम्हाला आठवतात ते आजोबा खुर्चीत बसून पेपर वाचणारे, एकही ओळ न सोडता, जाहिरातीसुद्धा.

दुपारी दादा एका काकाजींकडे घेऊन गेला. चौऱ्याऐंशी वर्षांचे, एम्प्रेस मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, चाळीस वर्षं काढलेले. टाटांची ही गिरणी 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, म्हणून नाव एम्प्रेस. 2002 ला बंद पडली, आता तिथे मॉल आहे. काकाजींनी आजोबांचा फोटो डोळ्याजवळ नेऊन बघितला आणि म्हणाले, "अरे हे तर माह्याच खात्यात होते, मले यांनीच गाठ मारणं शिकवलं." मग त्यांनी तुटलेल्या सुताची गाठ कशी मारायची ते हवेतच करून दाखवलं, अंगठा आणि तर्जनी, एका झटक्यात, सूत नसतानाही.

मी पवनीचं विचारलं. "हो जी, ते सांगत ना. त्यांचा बाप मोठ्या दुष्काळात आला पवनीहून, पायी. घरचा माग इकला अन् आला." मोठा दुष्काळ म्हणजे 1899-1900 चा, मध्य प्रांतात फार वाईट गेलेला, त्याच्या तीनच वर्षं आधी 1896-97 चा येऊन गेला होता. पोटालाच नाही तर लुगडं कोण घेणार, विणकराचं काम शेतकऱ्याच्याही आधी बंद पडतं. भोसल्यांचं राज्य तर तिसरे रघुजी 1853 ला वारले तेव्हाच संपलेलं, त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी आमचे पणजोबा या शहरात पाय ठेवतात, माग विकून. मला ते भोसल्यांच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठं वाटलं आणि ते आम्हाला कोणी सांगितलं नाही याचं वाईटही वाटलं. लाज वाटली असेल का त्यांना? लाज कसली त्यात!

रात्री सावजीकडे जेवलो. सावजी मसाला हा आपल्याच कोष्टी घरांमधून आलेला, हे पुण्यातल्या मैत्रिणींना मी दरवेळी सांगते. पण त्या दिवशी पाटवडी रस्सा समोर आला तरी माझं लक्ष वंशावळीच्या कागदावर, दादाने त्यावर पणजोबांच्या नावापुढे पेनाने पवनी लिहिलं होतं.

मग बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "तिथं वैनगंगा आहे ना गं?" मी हो म्हटलं. "माझी आजी अंघोळीचा पहिला तांब्या घेताना रोज 'वैनगंगे माय' म्हणायची. मला वाटायचं नागपुरात सगळेच म्हणतात."

उद्या सकाळी गणेशपेठ स्टँडवरून पवनीची एसटी पकडतोय. तहसीलमध्ये कोतवाल पंजी, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींची जुनी वही, बघायची आहे, पण त्याआधी घाटावर जाणार, बाबांनी बाटली भरून आणायला सांगितलीय.