हनोईची कावड, ताम कोकचं धान

हनोईतल्या होआन किएम तळ्याच्या काठी पहिल्याच सकाळी एका बाईनं आपली कावड उचलून आईच्या खांद्यावर ठेवली. स्वतःची टोकदार टोपी काढून आईच्या डोक्यावर घातली आणि फोटो काढ म्हणून मला खुणावलं. आई खुशीत उभी राहिली. तिचं बालपण भंडारा जिल्ह्यातल्या धानाच्या गावात गेलेलं, कावडीचा तोल तिला शिकवावा लागला नाही. फोटो होताच अननसाच्या फोडींची पिशवी आईच्या हातात आली आणि मोबाइलवर किंमत दिसली, २ लाख डाँग. साधारण ३०० डाँगचा १ रुपया धरा, म्हणजे साडेसहाशे रुपये. नको म्हटल्यावर बाईचा आवाज चढला. शेवटी ५० हजार घेऊन ती गेली.

"फोटोचे पैसे सरळ मागितले असते तर मी दिलेच असते," आई म्हणाली. "अशी जबरदस्ती कायले करून राहिली ती?"

मे महिना संपत आला होता. नागपूर ४४ अंशांवर तापलेलं सोडून आम्ही मायलेकी कोलकात्यामार्गे हनोईला आलो होतो. आईला यायचं होतं ते एका झाडासाठी. शहराच्या पश्चिमेच्या मोठ्या तळ्यात त्रान क्वोक हा हनोईतला सर्वांत जुना पॅगोडा आहे, मूळचा सहाव्या शतकातला. १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद व्हिएतनामला गेले, तेव्हा त्यांनी बोधगयेच्या बोधिवृक्षाचं रोप इथं भेट दिलं. आमच्या घरून दीक्षाभूमी चालत जाण्याइतकी जवळ. तिथला बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या फांद्यांचा, आणि अनुराधापूरचा वृक्ष मुळात बोधगयेचाच. आई त्या झाडासमोर हात जोडून बराच वेळ उभी होती. मी तिच्या मागे. तेवढा वेळ कुणी आमच्याजवळ काही विकायला आलं नाही, आणि संपूर्ण हनोईत मला तेवढीच खरी शांतता मिळाली.

नोटांबद्दल मात्र सांगायलाच हवं. २० हजारांची आणि ५ लाखांची, दोन्ही नोटा निळ्या. दोन्हींवर व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांचं चित्र. संध्याकाळच्या अंधारात टॅक्सीचे ४० हजार द्यायचे म्हणून मी दोन निळ्या नोटा दिल्या, त्यातली एक ५ लाखांची होती. खोलीवर येऊन पैसे मोजले तेव्हा कळलं. चालकानं नोटा उजेडात धरून पाहिल्या होत्या, म्हणून जास्त वाईट वाटलं. तुम्ही जाल तेव्हा ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

हा लाँग उपसागराला जायला हनोईहून अडीच तास लागतात. आमच्या बसनं वाटेत मोत्यांच्या दुकानासमोर पाऊण तास थांबा घेतला. उतरलंच पाहिजे, कारण बसचं दार बंद करतात. दिवसाच्या सहलीत पाण्यावर मिळतात जेमतेम चार-पाच तास, त्यासाठी माणसं समुद्र ओलांडून आलेली असतात, आणि त्यातला पाऊण तास अंगठ्यांच्या काचपेट्यांपुढे जातो. त्या मोतीवाल्या मुलींवर माझा राग नव्हता, त्या पगारावर उभ्या होत्या. ज्यांनी हे वेळापत्रक आखलं त्यांच्यावर होता आणि अजून आहे.

पुढे सुंग सोत गुहेच्या दारात इतकी रांग की थांबून वर बघायलाही जागा नव्हती. मग बोट गर्दीतून सुटली. हा लाँग म्हणजे खाली उतरणारा ड्रॅगन. त्यानं तोंडातून रत्नं टाकली आणि त्यांचीच बेटं झाली, अशी तिथली कथा. चुनखडीची दीड हजारांहून जास्त बेटं, सरळ पाण्यातून उठलेली, माथ्यावर झाडी. जवळची हिरवी, मग निळी, मग राखाडी, आणि शेवटची तर धूर वाटावा अशी. वर घारी फिरत होत्या. आपल्या अंबाझरी तलावावर फिरतात तशाच. आई डेकवर काही न बोलता बसून राहिली.

पण तिचा खरा दिवस ताम कोकचा. हनोईच्या दक्षिणेला, शंभरेक किलोमीटरवर. ताम कोक म्हणजे तीन गुहा. न्गो डोंग नदी डोंगरांच्या पोटातून तीनदा आरपार जाते आणि दोन्ही काठांना धान. मेअखेरीस ते पिवळं होतं. आमची नावाडी पन्नाशीची बाई होती, मागे रेलून पायांनी वल्ही मारणारी.

"पाह्य ना ह्या बांध्या," आई म्हणाली. "दाणा भरला आहे. आठ दिवसांत कापतील." मी मोबाइलवर भाषांतर करून विचारलं. बाईनं सात बोटं दाखवली.

तिसऱ्या गुहेपलीकडे विक्रेत्या बायकांच्या होड्यांनी आम्हाला घेरलं. नावाडीणीकडे बोट दाखवून "हिच्यासाठी पेय घ्या" म्हणाल्या. घेतलं. परतताना तिनं तो न उघडलेला डबा विक्रेतीला परत दिला आणि पैसे घेतले. पुढे वल्ही थांबली, फळीखालून भरतकामाचे टेबलक्लॉथ निघाले. दुसरी गुहा पुढ्यात होती, पाण्यावर ऊन पडलं होतं आणि मी किमतीची घासाघीस करत होते. मनातून फार खट्टू झाले.

आईनं माझ्या हातून मोबाइल घेतला. "तिले विचार, महिन्यात किती फेऱ्या मिळतात." उत्तर आलं, गावातल्या घरांनी नंबर लावलेले असतात, तिच्या वाट्याला थोड्याच येतात, बाकी शेत. आईनं एक टेबलक्लॉथ घेतला, तिनं सांगितलेल्या किमतीला, आणि मला गप्प राहायची खूण केली. मग आई नावेतच पुढे वाकली आणि पाण्यावर हात चालवून रोवणी करून दाखवली, एक-एक काडी, मागे सरकत. बाईनं वल्ही सोडली, स्वतःच्या कंबरेवर दोन्ही हात ठेवले आणि वेदनेचा चेहरा केला. आईनंही आपली कंबर धरली. मग दोघी खूप वेळ हसत होत्या, आणि नाव आपोआप गुहेत शिरली.