बॅकअप ऑन आहे, पण कशाचा?

माझ्या जुन्या अँड्रॉइड फोनच्या स्क्रीनचा खालचा पट्टा बोट लावलं तरी दाद देईना, तेव्हा भाचा म्हणाला, "आत्या, बॅकअप ऑन आहे ना? मग नवा फोन घे आणि साइन इन कर, सगळं आपोआप येतं." मी सेटिंग्ज उघडून पाहिलं. बॅकअप खरंच ऑन होता, निळं बटण उजवीकडे सरकलेलं होतं. पण ते बटण नेमकं कशाकशाची प्रत ठेवतं, ती कुठे जाते आणि किती दिवस राहते, यातलं त्यालाही काही सांगता येईना. फोन अर्धामुर्धा तरी चालत होता, म्हणून मी ठरवलं की आधी शोध घ्यायचा, मग जुना फोन सोडायचा.

सुरुवात सेटिंग्जमधल्या 'गुगल' आणि त्याखालच्या 'बॅकअप'पासून केली. काही फोनमध्ये हेच पान 'सिस्टीम'खाली असतं, सॅमसंगमध्ये 'अकाउंट्स अँड बॅकअप' या नावाखाली. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत 'बॅकअप' टाइप करणं सगळ्यात सोपं. त्या पानावर यादी दिसते: ॲप्स, एसएमएस, कॉल हिस्टरी, डिव्हाइस सेटिंग्ज वगैरे. पण आधी पाहायची ती शेवटच्या बॅकअपची तारीख. माझ्याकडे ती बरीच जुनी निघाली. हा बॅकअप फोन चार्जिंगला लावलेला, वायफायवर आणि काही वेळ न वापरता पडलेला असेल तेव्हाच होतो. मी फोन दिवसा, काम करता करता चार्ज करते आणि रात्री वायफाय बंद असतं. म्हणजे बटण ऑन आणि काम ठप्प. 'बॅक अप नाऊ' दाबून, फोन चार्जरला लावून बाजूला ठेवला, तेव्हा तारीख बदलली.

यादीतल्या 'ॲप्स' या शब्दावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण लोकांचा गैरसमज तिथेच होतो. ॲपचा डेटा आपोआप साठवण्याची सोय अँड्रॉइड 6 पासून, म्हणजे 2015 पासून आहे. पण प्रत्येक ॲपला त्यात 25 एमबीपर्यंतच जागा मिळते, आणि ॲप बनवणाऱ्याला ही सोय पूर्ण बंदही ठेवता येते. बँकेची ॲप्स साधारणपणे ती बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे. आपल्या खात्याची किल्ली दुसऱ्या फोनवर आपोआप जाऊन पडावी असं कोणाला वाटेल? म्हणून नव्या फोनवर ॲप्सची चित्रं ओळीने हजर होतात, पण उघडल्यावर काही ॲप्स आपल्याला ओळखतात आणि काही नाहीत. माझं टिपणांचं एक ॲप दुसऱ्या गटातलं होतं. त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये 'एक्स्पोर्ट' होतं, त्यातून फाइल काढून ठेवली. प्रत्येक महत्त्वाच्या ॲपच्या आत शिरून असा एखादा पर्याय आहे का ते पाहणं कंटाळवाणं आहे, पण याला दुसरी वाट मला तरी दिसली नाही.

हा बॅकअप बघायचा असेल तर गुगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये, मेनूत 'बॅकअप्स' नावाची जागा आहे. कॉम्प्युटरवर ड्राइव्ह उघडून 'स्टोरेज'वर गेलं की उजव्या कोपऱ्यात तोच दुवा दिसतो. तिथे फोनच्या मॉडेलच्या नावाने एक नोंद असते. ती उघडून फाइली बघता येत नाहीत, डाउनलोडही करता येत नाहीत. फार तर काय साठवलंय ते दिसतं आणि पुसता येतं. ती परत मिळवायची ती नवा किंवा रीसेट केलेला, म्हणजे पुसून कोरा केलेला, फोन पहिल्यांदा सुरू करताना. दोन अटी मला इथे कळल्या आणि त्या कळल्या नसत्या तर पंचाईत झाली असती. फोन 57 दिवस वापरला नाही तर हा बॅकअप पुसला जातो. म्हणजे बिघडलेला फोन कपाटात टाकून "बघू सावकाश" म्हणणाऱ्यांसाठी घड्याळ चालू असतं. दुसरी अट अशी की अँड्रॉइडच्या वरच्या आवृत्तीतला बॅकअप खालच्या आवृत्तीच्या फोनवर उतरत नाही. घरातला एखादा जुना फोन तात्पुरता वापरायचा बेत असेल तर हे आधी तपासा. शिवाय या बॅकअपचा काही भाग स्क्रीन लॉकने कुलूपबंद केलेला असतो आणि नव्या फोनवर तो जुन्या फोनचा पिन किंवा पॅटर्न मागतो. बोटाच्या ठशावर वर्षानुवर्षं काम भागवणाऱ्यांना तो पिन आठवतो का, हा प्रश्न त्यांनी आजच स्वतःला विचारावा.

आता फोटो. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच ॲपमध्ये नांदतात. गुगल फोटोज बॅकअप घेतं खरं, पण ते फोन आणि खातं एकसारखंही ठेवतं. ॲपमधून फोटो डिलीट केला की तो फोनवरूनही जातो आणि खात्यातूनही. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतो, नंतर गेलाच. फोनमधली जागा मोकळी करायची तर त्यासाठी 'फ्री अप स्पेस' हा वेगळा पर्याय आहे. तो फक्त फोनवरची प्रत काढतो. हा फरक समजेपर्यंत मी कशालाही हात लावला नाही.

दुसरी मेख फोल्डरची. कॅमेऱ्याने काढलेले फोटो वर जात होते, पण व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड केलेली चित्रं या प्रत्येक फोल्डरसाठी 'बॅक अप डिव्हाइस फोल्डर्स'मध्ये जाऊन वेगळं बटण दाबावं लागतं. ते सगळे फोल्डर सरसकट ऑन करू नका. शुभ सकाळचे फुलंवाले संदेश जपून ठेवायला तुमच्याकडे अमर्याद जागा नाही. फुकट मिळणारे 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांच्यात वाटून घ्यायचे असतात, आणि 1 जून 2021 पासून 'स्टोरेज सेव्हर'मधले, म्हणजे आकार कमी करून साठवलेले फोटोही त्यात मोजले जातात. जागा भरली की नुसते फोटो अडकत नाहीत, ईमेल येणंही थांबतं. आणि 'लॉक्ड फोल्डर' वापरत असाल तर त्याचा बॅकअप वेगळा चालू केल्याशिवाय त्यातले फोटो फक्त त्याच फोनवर असतात. लपवलेलं सर्वांत आधी हरवतं, असा काहीसा प्रकार.

व्हॉट्सॲपचा कारभार पूर्ण स्वतंत्र. फोनच्या बॅकअपमध्ये चॅट येतील अशी आशा धरू नये. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट्स' आणि त्यात 'चॅट बॅकअप' आहे. रोज, दर आठवड्याला की दर महिन्याला घ्यायचा, कोणत्या गुगल खात्यात ठेवायचा आणि व्हिडिओ घ्यायचे की नाहीत हे तिथे ठरतं. माझ्याकडे व्हिडिओ चालू होते. खातं कोणतं आहे ते नीट पाहा. अनेकांच्या फोनवर दोन-तीन गुगल खाती असतात, आणि चॅट परत आणताना तोच फोन नंबर आणि तेच खातं लागतं. 2024 पासून हा बॅकअपही त्या 15 जीबीतच मोजला जाऊ लागला. मोठे फॉरवर्ड व्हिडिओ 'मॅनेज स्टोरेज'मधून काढल्यावर माझा बॅकअप चांगलाच बारीक झाला.

याशिवाय व्हॉट्सॲप फोनवरच एक प्रतही ठेवतं. फाइल मॅनेजरमध्ये अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सॲपच्या नावाचा फोल्डर, आणि त्याच्या आत 'डेटाबेसेस'. तिथे तारखेनिशी नावं असलेल्या गेल्या काही दिवसांच्या फाइली असतात. खात्यातला बॅकअप दर वेळी आधीच्यावर नवा लिहिला जातो, त्यामुळे चुकून पुसलेलं चॅट दुसऱ्या दिवशी तिथेही नसतं. या स्थानिक फाइलींमुळे चार दिवस मागे जाता येतं, म्हणून मला त्या जास्त मोलाच्या वाटतात. मी पूर्ण व्हॉट्सॲप फोल्डरच कॉम्प्युटरवर उतरवला. बॅकअपला पासवर्ड लावायची सोय 2021 पासून आहे, पासवर्ड नको असेल तर 64 अंकी किल्ली. ती लावली तर किल्ली हरवल्यावर कंपनीही काही करू शकत नाही. मी पासवर्ड लावला आणि तो फोनमध्ये नव्हे, वहीत लिहिला. 'एक्स्पोर्ट चॅट'ने निघणारी फाइल वाचायला बरी, पण ती व्हॉट्सॲपमध्ये परत भरता येत नाही.

कॉन्टॅक्ट्सचं काम पटकन झालं. काही नंबर गुगल खात्यात, काही नुसते फोनवर, थोडे सिमवर होते. कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये फोनवरचे आणि सिमवरचे नंबर खात्यात हलवता येतात. खात्यात गेल्यावर आणखी एक फायदा: काही घोटाळा झाला तर गेल्या 30 दिवसांतल्या हव्या त्या वेळेपर्यंत यादी मागे नेता येते.

मग राहिल्या त्या गोष्टी, ज्यांचा वाली कोणीच नव्हता. आईने सांगितलेल्या जुन्या आठवणी मी रेकॉर्डर ॲपमध्ये टेपून ठेवल्या होत्या. त्या 'रेकॉर्डिंग्ज' फोल्डरमध्ये पडून होत्या आणि कुठल्याच बॅकअपमध्ये नव्हत्या. तसेच डाउनलोड्समधले पीडीएफ आणि स्कॅन केलेली कागदपत्रं. यासाठी केबल लावली. केबल लावली की फोन आधी फक्त चार्ज होतो. नोटिफिकेशन खाली ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडावं लागतं, आणि त्यासाठी फोन अनलॉक असावा लागतो. इथे तो बंद पडलेला पट्टा आडवा आला, कारण पिनचे आकडे नेमके तिथेच उमटत होते. ओटीजीची छोटी जोडणी लावून कॉम्प्युटरचा साधा माउस फोनला जोडला, स्क्रीनवर बाण आला आणि पिन टाकता आला. स्क्रीन दिसतेय पण बोट ओळखत नाही, अशा फोनसाठी ही युक्ती लक्षात ठेवा. फोनमध्ये चार्जिंगची एकच खाच असते, म्हणून अनलॉक झाल्यावर माउस काढून केबल लावायची. मधल्या वेळात स्क्रीन बंद होऊ नये म्हणून स्क्रीन टाइमआउट आधीच वाढवून ठेवला. 'फाइल ट्रान्सफर'चा पर्याय सुदैवाने स्क्रीनच्या वरच्या, चालत्या भागात येत होता. सगळं एकदम ओढलं तर कॉपी अर्ध्यात तुटते, म्हणून एकेक फोल्डर घेतला आणि दोन्हीकडे फाइलींची संख्या जुळते का ते पाहिलं. मग तेच सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवरही टाकलं. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, असा एक नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला. फोटो आणि रेकॉर्डिंगसाठी मी तो पाळते, बाकी कशासाठी नाही. पालेभाजीच्या पिशवीला तिजोरी कशाला?

नव्या फोनवर साइन इन करण्याआधी आणखी एक गोष्ट हाताशी घेतली. गुगल खात्याला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर दुसरी खात्री मागणारं कुलूप, लावलेलं होतं आणि ते खात्री करायला जुन्याच फोनवर विचारणा पाठवतं. तो फोन ऐन वेळी बंद पडला तर? खात्याच्या सिक्युरिटी पानावरून बॅकअप कोड काढून घेतले. आठ अंकी दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर छापून ठेवले.

नव्या फोनवर बॅकअप उतरल्यानंतर लगेच वापरायला न लागता मी तपासत बसले. एसएमएस आले, कॉल हिस्टरी आली, वायफायचे पासवर्ड आले. व्हॉट्सॲपने खात्यातला बॅकअप ओळखला. आधी मजकूर आला, फोटो मागून येत राहिले. ओटीपी देणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये मात्र एकही खातं दिसलं नाही, कारण तिथलं गुगल खात्याशी जोडणं मी कधी चालूच केलेलं नव्हतं. गुगलच्या ऑथेंटिकेटरमध्ये ही सोय 2023 मध्ये आली. जुना फोन हाताशी होता म्हणून त्यावर क्यूआर कोड काढून सगळी खाती हलवली. फोन आधीच रीसेट केला असता तर त्या प्रत्येक सेवेच्या हातापाया पडावं लागलं असतं.

बँकेची ॲप्स नव्याने नोंदवली. जुना फोन काही दिवस तसाच चार्ज करून ठेवला, काही राहिलंय का ते आठवत राहिले. एका ॲपमधली वाचनखूण सोडली तर काही निघालं नाही. नव्या फोनच्या नावाने ड्राइव्हमध्ये ताज्या तारखेची नोंद दिसल्यावर जुन्या फोनवरून गुगल खातं काढलं, फॅक्टरी रीसेट केला आणि ड्राइव्हमधली जुन्या फोनची नोंद पुसली. भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आलंच ना सगळं?" मी त्याला त्याच्या फोनवरची शेवटच्या बॅकअपची तारीख बघायला लावली.