आमची वाटचाल : आधी निदान, मगच पार्ट

कोल्हापुरात राजारामपुरीत आम्ही दोघा भावांनी गाळा घेतला तो 2005 च्या महापुराच्या थोडा आधी. त्या काळात कॉम्प्युटरचा धंदा म्हणजे असेंब्ल्ड पीसी विकणं. दुरुस्तीला कुणी धंदा म्हणत नव्हतं, विकलेल्या मालामागं लागणारं ते लचांड होतं. आम्ही मात्र दुरुस्तीच करायची ठरवलं. बंद पडलेला पीसी दुकानात गेला की पाच मिनिटांत 'मदरबोर्ड गेलाय' असा निकाल लागायचा, हे आम्ही नोकरीत असताना रोज बघत होतो. त्यातले कितीतरी बोर्ड चांगले असायचे. गिऱ्हाइकाला ते कळायला मार्गच नव्हता.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक नियम केला. दोष मीटरवर किंवा पार्ट अदलाबदल करून सिद्ध झाल्याशिवाय नवीन पार्ट बसवायचा नाही, आणि गिऱ्हाईक समोर असेल तर आकडा त्यालाही दाखवायचा.

धाकटा भाऊ आजही फोनवर आधी एवढंच विचारतो, "काका, बटण दाबल्यावर पंखा फिरतोय काय?" अर्धं निदान तिथंच होतं. पंखा अजिबात फिरत नसेल तर वाट वीजपुरवठ्याकडं जाते. फिरतोय पण पडदा काळा, तर रॅम, ग्राफिक्स किंवा प्रोसेसर. क्षणभर फिरून थांबत असेल तर कुठंतरी शॉर्ट आहे, नाहीतर प्रोसेसरची वेगळी पॉवर पिन नीट बसलेली नाही. आणि कंपनीचा लोगो येऊन पुढं अडकत असेल, तर बोर्डाला बहुधा हातही लावावा लागत नाही. तिथं हार्ड डिस्क आणि विंडोज बघायचं.

अजिबात पंखा न फिरणारी केस आली की आम्ही कॅबिनेट उघडण्याआधी पॉवर केबल, एक्स्टेन्शन बोर्ड आणि मागचा छोटा स्विच बघतो. मग मल्टिमीटर. 24 पिनच्या कनेक्टरमधल्या जांभळ्या वायरीवर, पीसी बंद असतानाही, 5 व्होल्ट मिळायला हवेत. ते नसतील तर एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, संशयित. असतील, तर कॅबिनेटच्या बटणाची वायर काढून बोर्डावरच्या त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरनं क्षणभर जोडायच्या. पीसी चालू झाला तर दोष फक्त बटणात. त्यानंही झाला नाही, तर एसएमपीएस बोर्डापासून सोडवून हिरवी वायर काळीला जोडायची आणि पंखा फिरतो का बघायचं. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं मात्र आम्ही मानत नाही. लोड देऊन पिवळ्या वायरीवर 11.4 ते 12.6 व्होल्टच्या आत आकडा टिकला, तरच पास. एसएमपीएसचा डबा मात्र कुणी घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या पुढं चार्ज राहू शकतो.

सुरुवातीची काही वर्षं आम्हाला कपॅसिटरनीच तारलं. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर निकृष्ट कपॅसिटर आले होते, डोकं फुगून त्यातून तपकिरी रस यायचा. तेवढेच काढून त्याच क्षमतेचे (मायक्रोफॅरॅडचे), 105 अंश तापमान सोसणारे नवीन टाकले की बोर्ड जिवंत. त्यात लोडशेडिंगचा जोर. वीज परत येताना झटका बसायचा आणि दुसऱ्या दिवशी गाळ्यात एसएमपीएसची रांग लागायची.

पावसाळ्यात रॅमचा हंगाम. इथल्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. पंखा फिरतो, पडदा काळा आणि स्पीकर असेल तर लांब बीप वाजत राहते. रॅम काढून पट्ट्या खोडरबरानं पुसायच्या, स्लॉट ब्रशनं साफ करायचा, एकच पट्टी लावून बघायचं. एवढ्यानं चालू झालेल्या पीसीसाठी पूर्वी काही घ्यायचा संकोच वाटायचा. पुढं आम्ही निदानाची फी ठरवून फलकावर लिहिली. कौशल्य कुठं पुसायचं हे ओळखण्यात आहे आणि त्याचे पैसे उघडपणे घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. फीपायी काही गिऱ्हाइकं गेली. राहिली ती पुन्हा पुन्हा येतात.

कोल्हापूरनं आम्हाला जे शिकवलं ते कुठल्या कोर्समध्ये नव्हतं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून येणाऱ्या कॅबिनेटमध्ये वाळूबरोबर लोखंडाची बारीक धूळ असते. ती वीज वाहते. असा पीसी नुसता ब्लोअर मारून चालत नाही, बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवतो. प्रोसेसर, एक रॅम, एसएमपीएस, बस. पडदा आला की एकेक वस्तू परत जोडायची आणि जिथं बंद पडेल तिथं बोट ठेवायचं. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरावा, नाहीतर बेअरिंग जातं.

2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शाहूपुरी, दुधाळीकडचे पीसी गाळानं भरलेले. सगळ्यांना एकच विनवणी करत होतो : चालू करून बघू नका. आधी बोर्डावरचा बटण सेल काढा, कारण ओल्या बोर्डावर तेवढे 3 व्होल्टही तांबं खात राहतात. मग स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोल मारायचं, पूर्ण वाळवायचं. हार्ड डिस्कला वीजच द्यायची नाही, तिच्या हवेच्या छिद्रातून पाणी आत गेलेलं असू शकतं. ती थेट डेटा काढणाऱ्यांकडं. एका अकाउंटंट ताईंच्या डिस्कवर त्यांच्या सगळ्या पक्षकारांची वर्षांची कामं होती. पीसी गेला, डेटा मिळाला. तेव्हापासून पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला आलं की आम्ही नदीकाठच्या गिऱ्हाइकांना फोन करतो : कॅबिनेट माळ्यावर टाका. धोक्याची पातळी 43 फूट, तोवर थांबायचं नाही.

आता नवीन पीसीत वेगळीच धास्ती दिसते. डीडीआर 5 ही नव्या पिढीची रॅम बसवल्यावर पहिल्या वेळी बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो आणि पडदा काही मिनिटं काळाच राहतो. लोक घाबरून बटण दाबतात. ऑनबोर्ड ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर घेऊन मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाला लावणारेही खूप. ही कामं आम्ही फोनवरच सोडवतो, फी न घेता.

सध्या जीव अडकलाय तो फाउंड्र्यांच्या जुन्या पीसींमध्ये. काही तपासणी यंत्रांचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालतं आणि यंत्राचं कार्ड आयएसए स्लॉटमध्येच, म्हणजे जुन्या बोर्डांवरच्या कार्ड बसवायच्या खाचेतच बसतं. पीसी बंद पडला की यंत्र बंद, मग माल तपासायचा कशावर? त्यासाठी आम्ही जुने बोर्ड जमवतोय. कुणाच्या माळ्यावर आयएसए स्लॉटचा बोर्ड पडला असेल, चालू असो वा बंद, भंगारात घालू नका. गाळ्यावर आणून द्या, योग्य किंमत देऊ.