टाचणातला तो एक रकाना

उद्दिष्टं, साहित्य, फलकलेखन, स्वाध्याय सगळं पहिल्या फटक्यात मंजूर झालं. शिक्षक-प्रशिक्षणातल्या माझ्या सराव पाठाचं टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, अडलं ते 'उपयोजित अध्ययन उपपत्ती' या रकान्यापाशी. मुलं कशी शिकतात हे सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञांपैकी एकाचं नाव पाठाच्या प्रत्येक पायरीपुढे हवं. प्रस्तावनेला पियाजे, सादरीकरणाला ब्रूनर, शाबासकी दिली की स्किनर. मी अख्ख्या पाठासमोर व्हिगॉट्स्की लिहिलं, मूल आधी दुसऱ्याच्या मदतीनं आणि मग स्वतः करायला शिकतं असं म्हणणारा. 'बाकीचे कुठे?' असा लाल शेरा मारून टाचण परत. दुरुस्त करून न्यावं तर टाचण तपासणाऱ्या मॅडम रजेवर. त्या आल्या तोवर टाचणाचा नमुनाच बदललेला. शेवटी नावं भरली आणि सही मिळाली. पाठातली एक ओळही बदलली नव्हती!

पाठ अपूर्णांकांचा. १/३ मोठा की १/४? बरीच मुलं १/४ म्हणतात, कारण तीनापेक्षा चार मोठे. पूर्ण संख्यांचा नियम ती इथेही लावतात. पियाजे ज्याला जुनी संरचना म्हणतो ती हीच, आणि ती 'चूक' म्हटल्यानं हलत नाही. सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या द्या, एकीचे तीन आणि दुसरीचे चार भाग करून एकेक रंगवायला सांगा. दोन्ही शेजारी ठेवल्या की वाद मिटतो. पट्टी १२ सेंटिमीटरचीच कापा, म्हणजे दर ४ आणि दर ३ सेंटिमीटरवर खुणा करता येतात. घड्या घालून तीन सारखे भाग मुलांना जमत नाहीत.

पण खरी कसोटी पट्ट्या काढून घेताना लागते. वूड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये शिकताना मुलाला आधार देण्याची कल्पना मांडली, त्यात मूल सावरेल तसा तो आधार कमी करणंही आलंच. टाचणात साहित्य वापरायला रकाना आहे, काढून घ्यायला नाही. मी आधी पट्टी, मग वहीत आकृती, मग नुसते आकडे असं उतरत गेले. आकड्यांवर आल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी बोटानं बाकावर रेघा ओढत होती. आधी तीन भाग, मग चार. मग तिनं हात वर केला. निरीक्षकांचा शेरा: 'उत्तरार्धात साहित्याचा वापर नाही.'

हो, आणि प्रश्न विचारल्यावर निदान तीन सेकंद गप्प राहा. शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, हे शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवलं होतं. माझ्या त्या तीन सेकंदांपुढे निरीक्षण तक्त्यात 'वर्ग निष्क्रिय' असं लिहिलंय.