न उचललेला कॉल ज्याच्या त्याच्या पेटीत: ॲस्टेरिस्कवरची प्रगती

मंडळी, सेटअप असा: रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकावर सोर्समधून बांधलेलं ॲस्टेरिस्क 20, म्हणजे ऑफिसचं फोन एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर (डेबियन 12 या लिनक्समध्ये तयार पॅकेज नाही, सोर्स घ्यावाच लागतो), ऑफिस वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात, गोडाऊन मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत. एक्स्टेन्शन अशी: 101 रिसेप्शन, 102 आणि 103 हिशेब, 104 गोडाऊन. हिशेबाची सामायिक व्हॉइसमेल पेटी 600. बाहेरून एक सिप ट्रंक (इंटरनेटवरून येणारी लाइन) आणि एफएक्सओ गेटवेवर (साधी लाइन ॲस्टेरिस्कला जोडणारा डबा) जुनी तांब्याची लाइन.

या टप्प्यात एकच गोष्ट साधायची होती. कॉल कितीही फिरला, तरी निरोप गिऱ्हाइकाने ज्याला फोन लावला त्याच्याच पेटीत पडला पाहिजे. शेवटी ज्याच्या टेबलावर घंटी वाजली त्याच्या पेटीत नव्हे.

दोष पकडायला अवघड, कारण तो कधी दिसतो, कधी दिसत नाही. 102 ने आपला फोन 104 वर फॉरवर्ड केलाय असं धरा. 102 चा सेट 302 (‘तिकडे लावा’) असं उत्तर देतो, ॲस्टेरिस्क एक लोकल चॅनल (आतल्या आत लावलेला कॉल) उघडून 104 च्या डायलप्लानमध्ये (कॉलचं काय करायचं ते सांगणाऱ्या ओळी) नव्याने शिरतो. आता दोन डायल (सेट वाजवणारी आज्ञा) एकाच वेळी चालू आहेत: बाहेरचा 102 चा, आतला 104 चा. दोघांची मुदत 21 सेकंद असेल तर बाहेरचा क्षणभर आधी सुरू झालेला असतो, म्हणून तोच आधी संपतो आणि निरोप बरोबर 102 कडे जातो. पण 104 ची मुदत 15 सेकंद ठेवली, किंवा 104 वर दुसरं बोलणं चालू आहे, किंवा मकरपुऱ्यात लाइट गेल्याने तो सेट रजिस्टरच नाही, तर आतला डायल आधी संपतो. आतली व्हॉइसमेल कॉल उचलते, बाहेरच्या डायलला वाटतं कोणीतरी बोललं, आणि पेमेंटचा निरोप गोडाऊनच्या पेटीत जाऊन पडतो. हिशेबाच्या टेबलावर निरोपाचा दिवा पेटतच नाही.

उपाय: पेटी दारातच ठरवायची. प्रत्येक एक्स्टेन्शनच्या पहिल्या ओळीत, पेटीचं व्हेरिएबल रिकामं असेल तरच त्यात चालू आकडा भरायचा, आणि नावाआधी दोन अंडरस्कोर लावायचे. एका अंडरस्कोरने व्हेरिएबल पुढच्या एकाच चॅनलपर्यंत पोचतं. दोन लावले की फॉरवर्ड कितीही लांबलं तरी सोबत जातं. व्हॉइसमेलला एक्स्टेनऐवजी (चालू आकडा) हेच व्हेरिएबल द्यायचं. आता कुठलाही डायल आधी संपो, पेटी 102 चीच.

यातून एक नवा दोष जन्मतो, तो लगेच बुजवा. रिसेप्शनने बाहेरचा कॉल उचलला आणि ब्लाइंड ट्रान्सफरने (पलीकडे न विचारता) 103 ला दिला, तर गिऱ्हाइकाच्या चॅनलवर पेटी अजून 101 च असते. म्हणून अट वाढवायची: ब्लाइंडट्रान्सफर हे व्हेरिएबल भरलेलं असेल, तर पेटी नव्याने चालू आकड्यावर आणायची. ते व्हेरिएबल पुढच्या चॅनलवर वारशाने जात नाही, त्यामुळे त्यानंतरच्या फॉरवर्डला धक्का लागत नाही.

हिशेबाचा थेट नंबर आला की पेटी 600 ठरवून 102 आणि 103 एकत्र वाजवायचे. इथे डायलला ‘आय’ पर्याय द्याच. सेटने मागितलेलं फॉरवर्ड दुर्लक्षित होतं. थेट नंबर ओळखताना शेवटचे चार आकडे जुळवा. ट्रंकवरून तोच नंबर कधी 0265 लावून, कधी +91 लावून येतो, आणि पूर्ण नंबर जुळवला तर कॉल कुठेच बसत नाही.

मुदत 21 सेकंद का? आपल्याकडची घंटी 400 मिलिसेकंद वाजते, 200 थांबते, पुन्हा 400 वाजते, मग 2 सेकंद शांत: एक फेरी 3 सेकंदांची. 21 म्हणजे पुऱ्या सात घंट्या. सेटमध्ये स्वतःचं ‘नो आन्सर फॉरवर्ड’ असेल तर ते बंद करा, नाहीतर दोन घड्याळं एकमेकांशी भांडतात.

डायलचा निकाल सांगणारा डायलस्टेटस बिझी आला तर व्हॉइसमेलला ‘बी’ (व्यग्र असल्याचं ग्रीटिंग), बाकी सगळ्याला ‘यू’ (उपलब्ध नसल्याचं). डीएनडी (‘त्रास देऊ नका’) लावलेला सेट बहुधा 486 (व्यग्र) पाठवतो, म्हणजे तोही बिझीत मोजला जातो.

तांब्याच्या लाइनवर वेगळाच त्रास. गिऱ्हाइकाने फोन ठेवला की एक्स्चेंज बिझी टोन देतं, आणि पेटीत तीन-तीन मिनिटांचं टूं-टूं भरतं. शांततेवर रेकॉर्डिंग थांबवणारा मॅक्ससायलेन्स इथे कामाचा नाही, कारण टोन ही शांतता नाही. लाइनवर पोलॅरिटी रिव्हर्सल (फोन ठेवल्याची खूण म्हणून विजेची दिशा उलटणं) मिळत नसेल तर गेटवेत टोन ओळखणं चालू करा: 400 हर्ट्झ, 750 मिलिसेकंद चालू, 750 बंद. फार कमी फेऱ्यांवर कापायला सांगू नका, बोलणं मध्येच तुटतं. सिपवर मॅक्ससायलेन्स 4 आणि मिनसेक्स (निरोपाची किमान लांबी) 5 सेकंद ठेवलंय. मिनसेक्स मॅक्ससायलेन्सपेक्षा मोठा नसेल तर नुसत्या शांततेचे निरोप साठतात.

निरोपाच्या दिव्यासाठी 102 आणि 103 दोन्ही एंडपॉइंटवर (सेटची मुख्य नोंद) 600 ची पेटी नोंदवा. सेट स्वतः सबस्क्राइब करत (दिव्याची खबर मागून घेत) असेल तर ती नोंद एओआरमध्ये (सेटचा पत्ता ठेवणारी नोंद) करा, दोन्हीकडे नको.

ग्रीटिंग आधी गुजरातीत, मग मराठीत: 8 किलोहर्ट्झ, मोनो, 16 बिट वाव्ह. फाइलची मालकी ॲस्टेरिस्क युजरकडे असू द्या, नाहीतर वाचली जात नाही. दिवाळीत बाजार लाभपाचमीपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) बंद असतो, त्यासाठी टेम्पररी ग्रीटिंग हेच योग्य साधन: पेटीत शिरून 0, मग 4. ते असेपर्यंत बिझी आणि अनअव्हेलेबल दोन्ही ग्रीटिंग बाजूला राहतात, तेव्हा पाचमीला काढायचं लक्षात ठेवा. टेम्पग्रीटवॉर्न ‘येस’ केलं तर पेटी उघडताना आठवण होते.

आता राहिलं मोबाइलचं. टेबलासोबत मोबाइल वाजवला आणि मोबाइल कंपनीच्याच व्हॉइसमेलने कॉल उचलला, तर टेबलाची घंटी थांबते आणि निरोप बाहेर जातो. ‘1 दाबा, मगच जोडतो’ ही अट डायलच्या मोठ्या ‘यू’ (U) पर्यायातल्या गोसबने (उचलल्यावर, जोडण्याआधी चालणाऱ्या ओळी) घालता येते, पण थेट समांतर डायलमध्ये नको. पहिल्या उचलण्यालाच बाकीचे सेट गप्प होतात. मोबाइल लोकल चॅनलमागे ठेवायचा आणि अट आतल्या डायलवर घालायची, म्हणजे 1 दाबेपर्यंत बाहेरच्या डायलला उत्तर मिळत नाही. गोसबऐवजी जुनं मॅक्रो वापरू नका, ॲस्टेरिस्क 21 पासून ते काढून टाकलंय. ही मांडणी लिहून तयार आहे. चाचणीत मोबाइल बंद, मोबाइल व्यग्र आणि मोबाइल उचलून 1 न दाबणं अशा तिन्ही स्थितींत निरोप 600 मध्ये पडतो का, ते तपासायचं आहे.