‘फॉल्ट आढळला नाही’ : कन्सोल दुरुस्तीचा माझा अनुभव

तीन वेळा माझा गेम खेळायचा कन्सोल सर्व्हिस सेंटरला नेला आणि त्यातल्या दोन वेळा जॉब शीटवर तोच शेरा मारून परत आला, ‘तपासणी केली, फॉल्ट आढळला नाही’. तो कागद अजूनही समोर आला की डोकं फिरतं माझं.

झालं असं की जड गेम लावला की अर्ध्या-पाऊण तासाने पंखा घोंघावायला लागायचा आणि मग कन्सोल खाडकन बंद. मी फॉर्मवर लिहिलं ‘आपोआप बंद होतो’, एवढंच. त्यांनी मेनू स्क्रीनवर चालू ठेवला आणि झालं काम. अहो मेनूवर चिपला कामच नसतं, तापणार कशी ती? नऊ दिवस थांबले, घरी आणला, त्याच संध्याकाळी बंद पडला.

दुसऱ्यांदा विनवून सांगितलं की गेम लावून बघा, तर म्हणे आमची टेस्टची पद्धत ठरलेली आहे. आणखी बारा दिवस, परत तोच शेरा आणि वरून फॅक्टरी रिसेट, म्हणजे सगळे सेव्ह, गेममध्ये जिथवर पोचले होते ते सगळं, गेले. देण्याआधी सेव्ह क्लाउडवर नाहीतर यूएसबीवर घेऊनच ठेवा, हे त्या दिवशी रडून शिकले.

मग वही घेऊन बसले. मेनूवर दोन तास, काही नाही. पिक्चर लावला, काही नाही. जड गेम : 38 मिनिटं, 35, 41. मग मागे टेबल फॅन लावून तोच गेम, तर दीड तास चालला! म्हणजे उष्णतेचाच प्रॉब्लेम. (तुमचं लक्षण वेगळं असेल, म्हणजे लाइट लागतोय पण चित्र नाही, तर आधी एचडीएमआय केबल आणि टीव्ही बदलून बघा, मग पोर्टच्या पिना. लोडिंगला सारखा अडकतोय तर हार्ड डिस्कवर संशय घ्या. अजिबात चालूच होत नसेल तर आधी प्लग आणि पॉवर केबल, मग पॉवर सप्लाय.)

तिसऱ्यांदा हे सगळे आकडे फॉर्मवर लिहिले आणि घड्याळ दिसेल असा बंद पडतानाचा व्हिडिओ काउंटरवर दाखवला. या वेळी माझ्यासमोर उघडला. हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांमध्ये धुळीचा करडा थर, चिमटीत धरून अख्खा उचलला त्यांनी, नमद्यासारखा. चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता जावी म्हणून लावतात ती थर्मल पेस्ट इतकी वाळलेली की नखाने भुगा पडत होता. साफ करून नवी पेस्ट लावली, घरी येऊन सलग चार तास खेळले, पंख्याचा आवाजसुद्धा नाही. काय बरं वाटलं सांगू!

उष्णता हलक्यात घेऊ नका. 2005 ला आलेल्या एक्सबॉक्स 360 कन्सोलची ती लाल रिंग, बिघडला की पुढे लागणारे लाल दिवे, आठवते ना, गरम-थंड होऊन होऊन आतली जोडणी तुटायची आणि 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टला त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षं करावी लागली. तेव्हा लोक टॉवेलात गुंडाळून कन्सोल तापवायचे, थोडे दिवस चालायचा, परत जायचा. तसलं काही करू नका.

बंद कपाटात ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा. पंख्याचा आवाज नेहमीपेक्षा चढला की तेव्हाच साफ करा, बंद पडायची वाट बघू नका. आणि हो, हवेच्या कॅनने धूळ उडवताना आधी प्लग काढा आणि पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, हवेच्या जोराने गरागरा फिरलं तर बेअरिंग खराब होऊ शकतं.